केळीचा कंद आणि चिडाचा शंकू: सूचिपर्णी झाडाचा कोणता तुकडा बरणीत घ्यायचा?

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात ‘टिश्यू’ हा शब्द इतका रुळला आहे की तो प्रयोगशाळेतून आला हेच कुणाला आठवत नाही. “यंदा मृगबागेला कंद लावले की टिश्यू?” असं बांधावर सहज विचारलं जातं. या टिश्यूमागची कृतीही बऱ्याच जणांना माहीत असते. निरोगी बागेतला तलवारी मुनवा, म्हणजे कंदातून फुटलेला अरुंद पानांचा कोंब, घ्यायचा, त्याचे थर सोलत सोलत आतल्या पांढऱ्या कोंबापर्यंत जायचं, तो निर्जंतुक करून बीएपी नावाचं संप्रेरक घातलेल्या माध्यमावर, म्हणजे क्षार-साखरेच्या पोषक मिश्रणावर, ठेवायचा आणि फुटवे आले की दर तीन-चार आठवड्यांनी वेगळे करत जायचं. एका कोंबापासून शेकडो रोपं मिळतात, आणि मातृझाड नीट निवडलं असेल, रोगाची तपासणी झाली असेल, तर ती सगळी एकसारखी निघतात.

हीच कृती चीड (हिमालयातला एक पाइन), देवदार किंवा स्प्रूसच्या फांदीच्या शेंड्यावर करून पाहिली तर वेगळंच घडतं. कापलेल्या जागेतून राळ झरते, भोवतीचं माध्यम दोन दिवसांत तपकिरी होतं, तुकडा काळवंडतो. त्यातून वाचला तरी सहा आठवड्यांनी जसाच्या तसा पडून असतो, जिवंत पण ढिम्म.

अशा वेळी पहिला संशय माध्यमावर जातो. मग क्षारांचं प्रमाण बदल, साखर कमी कर, संप्रेरक वाढव असा खेळ महिनोन् महिने चालतो. सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत तो बहुतेक वाया जातो, कारण दुखणं असतं तुकड्यात. झाडाचा कोणता भाग, किती वयाचा आणि वर्षातल्या कोणत्या आठवड्यात घेतला यावर निम्म्याहून जास्त निकाल आधीच लागलेला असतो. योग्य तुकडा साध्या माध्यमावरही चालतो. चुकीच्या तुकड्याला जगातलं कुठलंही माध्यम हलवत नाही.

केळ सोपी, चीड अवघड, असं का?

खायच्या केळीला बी नसतं. तिची पिढी मुनव्यातूनच पुढे जाते. कंदावर डोळे तयारच असतात आणि प्रयोगशाळेत आपण त्यांना फक्त घाई करायला लावतो. सागाचंही थोडंफार असंच आहे. सातपुड्यात तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून पावसाळ्यात फुटवे येतात, म्हणजे जुन्या खोडातही झोपलेले डोळे शिल्लक असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० च्या सुमारास जुन्या सागाच्या कळ्यांपासून रोपं करून दाखवली, त्यामागे सागाचा हा मूळ स्वभावही होताच.

बहुतेक पाइन मात्र बुंध्यापासून तोडले की संपले. त्यांचा सगळा भरवसा बियांवर असतो. पानांच्या बगलेत डोळे कमी, आणि पेशी एकदा सुईची किंवा सालीची झाली की ती भूमिका सोडायला तयार नसते. अपवाद आहेत. कॅलिफोर्नियाचा किनारी रेडवूड बुंध्याभोवती फुटवे काढतो आणि म्हणूनच तो प्रयोगशाळेतही तुलनेनं समजूतदार वागतो. यातून एक साधा ठोकताळा निघतो: जे झाड रानात स्वतःहून फुटतं, ते बरणीत फुटण्याची शक्यता जास्त. नवीन जात हाती घेण्याआधी तिच्या तोडलेल्या बुंध्याकडे बघून यावं. ही पाहणी फुकट असते.

झाडाला दोन वयं असतात

आंब्याचं उदाहरण घेऊ. कोयीपासूनच्या झाडाला मोहर यायला सात-आठ वर्षं लागतात. कलम मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोहरतं. कलमाची काडी कोवळी आणि यंदाचीच असते, पण ती फळत्या झाडाची असते आणि ते प्रौढपण सोबत घेऊन येते. म्हणजे काडीचं दिनदर्शिकेवरचं वय वेगळं आणि तिचं वळण वेगळं.

आंब्यात हे प्रौढपण वरदान ठरतं, कारण आपल्याला फळ हवं असतं. ऊतिसंवर्धनात, म्हणजे या टिश्यूच्या कामात, तेच अडथळा होतं. प्रौढ पेशींना नवा डोळा किंवा नवी मुळी काढायला लावणं फार कठीण असतं, आणि सूचिपर्णी झाडांत हे प्रौढपण घट्ट मुरलेलं असतं.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. झाडाचा बुंध्याजवळचा भाग वयानं सर्वांत जुना, पण वळणानं सर्वांत लहान, कारण तो झाड रोप असताना बनला. टोकाचा शेंडा कालपरवा फुटलेला, पण तो पूर्ण प्रौढ. म्हणून पन्नास वर्षांच्या देवदाराच्या टोकावरची कोवळी लुसलुशीत फांदी बघून हुरळून जाऊ नये. त्याच झाडाच्या खालच्या फांद्यांवरच्या कळ्या दिसायला साध्या असल्या तरी जास्त साथ देतात.

तुकडा झाडाच्या कोणत्या जागेवरून घेतला याचीही त्याला आठवण राहते. जळगाव-धुळ्याच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जी कुंडी विकतात ती अरौकारिया, हीसुद्धा सूचिपर्णी. तिच्या आडव्या फांदीचं छाट कलम मुळं धरतं, हिरवंगार होतं, पण सरळ वाढत नाही. वर्षानुवर्षं ते फांदीसारखं आडवंच पसरत राहतं. सरळ झाड हवं असेल तर छाट मधल्या उभ्या शेंड्याचाच लागतो. फ्योश्टिंग या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्येच हे नोंदवलं होतं. पाइन, स्प्रूसच्या बाजूच्या फांदीपासून केलेल्या रोपांतही हा आडवेपणा कमी-अधिक प्रमाणात दिसतो, आणि लाकडासाठी लावायच्या झाडात तो परवडत नाही.

सर्वांत उपयोगी तुकडा बियात दडलेला

चिलगोजा फोडून खाल्ला असेल तर पाइनच्या बीची रचना तुम्ही पाहिलेली आहे. टरफलाच्या आत पांढरा गर असतो, आणि गर उभा चिरला की मधोमध काडीसारखा बारीक गर्भ दिसतो. त्याच्या एका टोकाला बोटांसारखी अनेक बीजपत्रं असतात. हा गर गहू-मक्याच्या गरासारखा नसतो. तो फलनाआधीच, फक्त आईच्या बाजूनं तयार होतो. म्हणून पाइनच्या गर्भात २४ गुणसूत्रं असली तरी गरात १२ च असतात. हा आकडा पुढे कामाला येतो.

खाण्याच्या चिलगोज्यातला गर्भ पिकलेला असतो. आपल्याला हवा तो याच्या खूप आधीचा. फलन झाल्यावर पाइनच्या बियात एक गंमत घडते. एका फलित पेशीपासून एकच गर्भ होत नाही. ती सुरुवातीलाच फाटते आणि साधारण चार सारखे गर्भ तयार होतात. शिवाय एका बियात फलित पेशीही एकापेक्षा जास्त असू शकतात. हे सगळे चिमुकले गर्भ गरात घुसत एकमेकांशी स्पर्धा करतात, एक पुढे जातो, बाकीचे मरतात.

आपण नेमके या वाटणीच्या काळात पोहोचलो तर फार जोर लावावा लागत नाही. गर्भ स्वतःच स्वतःचे हिस्से पाडत असतो. आपण योग्य माध्यम देऊन ती वाटणी थांबू देत नाही. एका बीतून गर्भांची अखंड वाढणारी वस्ती मिळते. याला कायिक भ्रूणनिर्मिती म्हणतात. सूचिपर्णी झाडांत हे पहिल्यांदा १९८५ मध्ये नॉर्वे स्प्रूसच्या कोवळ्या गर्भांवर साधलं. त्याच वर्षी लार्चच्या बीतल्या गरापासूनही अशी वाढ मिळाली, पण तिच्यात गुणसूत्रं निम्मी होती. ती अभ्यासाला उत्तम. लागवडीचं झाड त्यातून अपेक्षू नये.

अडचण वेळेची आहे. पाइनमध्ये हा काळ जेमतेम दोन ते चार आठवड्यांचा असतो. आठवडाभर आधी गेलात तर बियात फक्त ओलसर गर, उशिरा गेलात तर बीजपत्रं आलेला गर्भ, आणि तो बहुधा नुसतीच गाठ धरतो. स्प्रूस जास्त उदार असतो: बीजपत्रं नुकती दिसू लागलेला गर्भही चालतो, काही वेळा पिकलेल्या बीतलाही. म्हणून ‘स्प्रूसमध्ये जमलं’ या बातमीवर विसंबून पाइनच्या पिकलेल्या बिया मागवू नयेत.

शंकू कोणता तोडायचा यातही फसगत होते. पाइनमध्ये परागकण शंकूवर पडल्यापासून फलन व्हायला साधारण वर्ष लागतं. त्यामुळे एकाच फांदीवर यंदाचे बोराएवढे आणि गेल्या वर्षीचे मोठे हिरवे असे दोन पिढ्यांचे शंकू असतात. हवे असतात ते दुसऱ्या वर्षाचे, हिरवे आणि घट्ट मिटलेले. स्प्रूसचा शंकू मात्र वसंतात परागित होऊन त्याच वर्षीच्या शरदात पिकतो. देवदाराचे परागकण तर शरदातच उडतात. एका झाडाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावता येत नाही.

तारीख पाठ करून उपयोग नाही. उंची, उतार, त्या वर्षीचा उन्हाळा यांनी ती मागेपुढे होते. फलनाच्या सुमारापासून दर आठवड्याला प्रत्येक निवडलेल्या झाडाचे दोन शंकू आणायचे, प्रत्येकातल्या पाच-सहा बिया उभ्या चिरून भिंगाखाली बघायच्या. गराच्या पोकळीत चकाकणाऱ्या धाग्यांच्या गुंत्यात टाचणीच्या टोकाहूनही बारीक, दुधी ठिपके दिसले की काढणी सुरू. एकच ठिपका इतरांपेक्षा मोठा होऊन बंदुकीच्या गोळीसारखा दिसू लागला तरी अजून वेळ असते, पण थोडीच. त्याच्या डोक्यावर बीजपत्रांची कंगोरेदार कड उमटली की पाइनचा हंगाम संपला. एका काढणीवर सगळा भरवसा ठेवू नका. आठवड्याच्या अंतरानं तीन काढण्या केल्या तर एक तरी नेमकी सापडते.

शंकूपासून बशीपर्यंत

खान्देशात ही झाडं होत नाहीत. आपल्या सातपुड्यात साग, अंजन, सालई. चिडासाठी उत्तराखंड, हिमाचल गाठावं लागतं. म्हणजे शंकूचा प्रवास हा इथला पहिला धोका. शंकू श्वास घेतात, गरम होतात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ते घामेजून बुरशी धरतात. म्हणून कागदी किंवा कापडी पिशवीत, बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट न टेकवता आणावेत. मे-जूनमध्ये भुसावळच्या फलाटावर हे पार्सल दोन तास उन्हात राहिलं तर ते उघडायचीही तसदी घेऊ नये. प्रयोगशाळेत आल्यावर ४ अंशांवर ठेवलेले मिटलेले शंकू काही आठवडे टिकतात, पण जितकं लवकर तितकं बरं.

मिटलेल्या शंकूतली बी बहुधा आतून निर्जंतुकच असते, ही मोठी सोय. शंकू साबणाच्या पाण्यानं घासून धुवा, ७० टक्के अल्कोहोल फवारा, वाळवा, खवले उचकटून बिया काढा. किडीनं पोखरलेले खवले आणि चपट्या, फोल बिया बाजूला टाका. चांगल्या बिया १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचे एक-दोन थेंब घालून, दहा मिनिटं ठेवा आणि निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवा. केळीच्या कामात सवयीनं वापरला जाणारा मर्क्युरिक क्लोराइड इथे नको. तो विषारी आहे, त्याचं सांडपाणी वेगळं साठवावं लागतं, आणि इतक्या कोवळ्या गर्भाला तो सोसत नाही.

लॅमिनारखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या झोतातल्या टेबलावर, टरफल आणि आतला पातळ पापुद्रा काढा. पाइन असेल तर गर्भ उकरून काढायच्या भानगडीत पडू नका, तो चिमट्याला चिकटून फाटतो. सगळा गरच माध्यमावर आडवा ठेवा. स्प्रूसमध्ये गर्भ थोडा मोठा असतो, तो अलगद काढून ठेवता येतो.

माध्यम म्हणून केळीचं नेहमीचं मुराशिगे-स्कूग पूर्ण ताकदीनं वापरलं तर अमोनियम जास्त पडतं. त्याची निम्मी ताकद, किंवा डीसीआर, लिट्वे यांसारखी या झाडांसाठी बेतलेली क्षारसूत्रं बरी. सुरुवातीसाठी एक चालणारा अंदाज असा: लिटरला २,४-डी हे संप्रेरक सुमारे २.२ मिलिग्रॅम, बीएपी सुमारे १.१ मिलिग्रॅम, साखर १० ते ३० ग्रॅम, माध्यम घट्ट करणारं जेलराइट २ ते ४ ग्रॅम, पीएच ५.७ ते ५.८. बशा अंधारात, २३ ते २५ अंशांवर. लोडशेडिंगमध्ये वाढीची खोली ३० च्या वर गेली की आधी हीच वाढ बसते, केळीची रोपं बिचारी तग धरतात.

दोन ते आठ आठवड्यांत गराच्या निमुळत्या टोकाकडून काहीतरी बाहेर येऊ लागतं. ते पांढरं, ओलसर, चिकट, भिजवून शिजवलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक असेल तर अर्धी लढाई जिंकलात. हिरवट, पिवळसर, टणक, दाणेदार असेल तर ती नुसती गाठ. ती वाढते झपाट्यानं आणि नवख्याला भुलवते. शंका असेल तर थोडा भाग काचपट्टीवर घेऊन आधी ॲसिटोकार्मिन, मग इव्हान्स ब्लू हे रंग लावा. खऱ्या गर्भाचं डोकं गच्च पेशींचं आणि लाल दिसतं, मागची लांबलचक शेपूट निळी. लाल डोकं आणि निळी शेपूट दिसली नाही तर पुढच्या दोन महिन्यांचं माध्यम वाचवा, ती बशी टाकून द्या.

ही वस्ती दर दोन आठवड्यांनी नव्या माध्यमावर हलवत ठेवायची. पुढे गर्भ पिकवण्यासाठी आधीची दोन्ही संप्रेरकं काढून ॲब्सिसिक आम्ल देतात, साखर वाढवतात, जेलराइटही ६ ते १० ग्रॅमपर्यंत नेऊन गर्भाला पाण्याचा थोडा ताण देतात. ॲब्सिसिक आम्ल ऑटोक्लेव्हमध्ये न घालता गाळून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळावं. पिकवण्याचा सगळा तपशील हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या प्रश्नापुरतं इतकंच, की वस्ती जितकी जुनी होते तितकी ती गर्भ पिकवण्याचं विसरते. वर्षभर नुसतीच हलवत राहिलेली वस्ती दिसते टवटवीत आणि देत काहीच नाही.

बाकीचे तुकडे

कोवळ्या शंकूचा हंगाम हुकला तर दुसरा पर्याय म्हणजे पिकलेल्या बीला मोड आणून तिची बीजपत्रं घेणं. लाँगलीफ पाइनची रोपं १९७५ मध्ये गर्भाच्या ऊतींपासून झाली तेव्हापासून ही वाट माहीत आहे, आणि रेडिएटा पाइनमध्ये ती फार नीट बसवली गेली. बिया दिवसभर वाहत्या पाण्यात भिजवून, निर्जंतुक करून, ओल्या माध्यमावर ठेवायच्या. मूळ अर्धा सेंटीमीटर बाहेर आलं की टरफल आणि गर काढून तीन ते पाच मिलिमीटरची बीजपत्रं कापायची. ती उभी खोचू नयेत, आडवी टेकवावीत, कारण नवे डोळे माध्यमाला लागलेल्या बाजूच्या वरच्या एक-दोन थरांतूनच येतात. रेडिएटासाठी लिटरला ५ मिलिग्रॅम बीएपी, तीन आठवडे. मग संप्रेरक बंद करून लोणारी कोळशाची नव्हे, सक्रिय कोळशाची पूड घातलेलं माध्यम, म्हणजे डोळे लांबतात.

इथेही घड्याळ चालू असतं. बीजपत्रं उजेडात पसरून गडद हिरवी झाली की ती साधी पानं झाली. पाचव्या-सहाव्या दिवशी भरघोस डोळे देणारं बीजपत्र दोन आठवड्यांनी काहीच देत नाही, आणि चूक माध्यमाच्या माथी मारली जाते. या वाटेचा खरा त्रास शेवटी येतो, मुळं धरताना. मूळ बुंध्याशी जमलेल्या गाठीतून फुटलं तर त्याच्या आणि खोडाच्या नळ्या जुळत नाहीत. बरणीत रोप छान दिसतं, पण बरणीत हवाच दमट असते. कुंडीत गेल्यावर पहिल्या कोरड्या वाऱ्यात ते झुकतं, मूळ असूनही. उपटून पाहिलं तर मूळ हातात आणि खोड वेगळं. त्यावर उपाय म्हणजे ऑक्सिनचा, म्हणजे मुळं फोडणाऱ्या संप्रेरकाचा, हात पाच-सात दिवसच द्यायचा आणि लगेच संप्रेरकाविना माध्यमावर हलवायचं.

वर्ष-दोन वर्षांच्या रोपावर आणखी एक जागा असते. पाइनच्या सुया जुडग्यानं येतात, चिडाच्या तीन-तीन. प्रत्येक जुडग्याच्या तळाशी एक थांबलेला डोळा असतो. रोपाचा शेंडा खुडून बीएपीचा फवारा दिला की यातले काही जागे होतात, आणि ते कापून माध्यमावर घेता येतात. संख्या मर्यादित, पण डोळा आधीच असल्यानं नव्यानं घडवावा लागत नाही. सुटी सुई, सालीचा तुकडा, मोठ्या झाडाचं मूळ यांच्या नादी लागण्याचं काही कारण नाही.

मोठ्या झाडाच्या कळ्या, आणि त्यातली फसवणूक

आता खरी पंचाईत. लाकूड सरळ आहे की नाही, राळ किती देतं, कीड सोसतं का, हे कळायला झाड वीस-पंचवीस वर्षांचं व्हावं लागतं. म्हणजे जे झाड वाढवण्यालायक आहे हे ठाऊक झालं, त्याचे तुकडे ऐकत नाहीत, आणि जो गर्भ ऐकतो त्याचे गुण ठाऊक नसतात. उत्तम झाडाच्या शंकूतला गर्भ म्हणजे निम्मी आई आणि निम्मा वाऱ्यानं आणलेला बाप. केळीच्या कामातून येणारा माणूस इथे हमखास चुकतो. त्याच्या डोक्यात ‘चांगल्या झाडाचा तुकडा म्हणजे तेच झाड’ हे पक्कं बसलेलं असतं. बीतल्या गर्भाला ते लागू नाही.

म्हणून मोठ्या झाडाच्या कळ्यांवर प्रयत्न चालू असतात. करायचेच असतील तर हिवाळ्याच्या शेवटी, कळी फुगली पण उमलली नाही अशा वेळी, खालच्या फांद्यांवरून कळ्या घ्याव्यात. त्याहून बरं म्हणजे त्या झाडाची काडी कोवळ्या रोपावर कलम करायची, फुटलेली काडी पुन्हा नव्या रोपावर, असं दोन-तीनदा. प्रत्येक फेरीत थोडं कोवळेपण परत येण्याची शक्यता असते, खात्री नाही. कळीचे खवले लॅमिनारखाली सोलून आतला हिरवा कोंभ घ्यावा. बुरशी आणि राळ दोन्ही खवल्यांतच जास्त असतात. पहिला आठवडा अंधारात ठेवावं, आणि पहिल्या दोन दिवसांत रोज त्याच बशीत स्वच्छ जागी सरकवावं. काळवंडणं कमी करण्यासाठी पीव्हीपी चालतो. कोळसाही चालतो, पण तो संप्रेरकही शोषतो. त्यामुळे कोळसा आणि संप्रेरक एकाच बशीत घालून ‘परिणाम दिसला नाही’ अशी नोंद करणं म्हणजे गाळणीत पाणी भरणं.

निर्जंतुक करूनही तीन-चार आठवड्यांनी तळाशी दुधी कडं दिसलं तर ते हाताळणीतली चूक असेलच असं नाही. जुन्या झाडाच्या आतल्या पेशींतच जिवाणू वस्तीला असतात. वरून कितीही धुतलं तरी ते जात नाहीत.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र गोड असते. कळी माध्यमावर उमलते, सुया लांबतात, फोटो काढले जातात आणि मग सगळं थांबतं. पाइनच्या कळीत पुढच्या हंगामाच्या सुया आधीच घडी घालून ठेवलेल्या असतात. त्या पाण्यानं फुगून उलगडल्या, इतकंच. नवी पेशी, नवा डोळा काही झाला नाही. कळी फुटणं आणि पुनर्जनन यांत हा फरक आहे, आणि तो तीन महिने थांबल्याशिवाय कळत नाही.

यश मिळालेलं नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रौढ चिडाच्या कळ्यांपासून रोपं केली गेली आहेत. कॅनडात २०११ मध्ये दहा वर्षांच्या व्हाइट स्प्रूसच्या कळीतल्या कोंभांपासून थेट कायिक गर्भ मिळाले. मात्र ती झाडं स्वतःच कायिक गर्भापासून वाढवलेली होती आणि त्यातल्याही मोजक्याच वाणांनी साथ दिली. रानातलं कुठलंही जुनं झाड निवडावं आणि त्याची कळी बरणीत घालावी, इथवर गाडी आलेली नाही.

मग व्यवहारात काय करतात?

गुण आणि वय यांच्या या कोंडीतून एक वाट आहे, आणि ती गोठवण्यातून जाते. नावाजलेल्या मातृझाडांच्या कोवळ्या शंकूंपासून जितक्या जमतील तितक्या वस्त्या तयार करायच्या. प्रत्येक वस्ती म्हणजे एक वेगळा वाण. ती कोवळी असतानाच, पहिल्या काही महिन्यांत, तिचा एक हिस्सा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायचा. पेशींचं पाणी आधी सॉर्बिटॉलनं ओढून घेऊन आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड देऊन हळूहळू थंड करतात, नाहीतर बर्फाच्या सुया पेशी फाडतात. उरलेल्या हिश्शापासून रोपं करून ती शेतात चाचणीला लावायची. दहा-पंधरा वर्षांनी जे वाण सरस ठरतील त्यांच्याच नळ्या वितळवायच्या. शेतातलं झाड म्हातारं होत असतं, नळीतली वस्ती त्याच दिवसाची राहते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या किंवा इथल्या केळीच्या प्रयोगशाळेत हात बसलेल्या मुलामुलींना या कामात उतरायचं असेल तर सुरुवात बाजारातल्या न भाजलेल्या चिलगोज्यांपासून करता येईल. गर उभा चिरून गर्भ न मोडता बाहेर काढायचा सराव झाला की महागडा शंकू वाया जात नाही. शाळेत विद्या म्हणून वहीत ठेवतो ती मोरपंखीही याच कुळकथेतली. तिचे शंकू गल्लीत मिळतात, आणि कोवळ्यापासून पिकलेल्या बीपर्यंत गर्भाचे टप्पे ओळखायला ती पुरेशी आहे.

प्रत्यक्ष प्रयोगात किती बिया लावायच्या? वीस लावून ‘या झाडाला प्रतिसाद नाही’ असं लिहिणारे पुष्कळ. समजा खरा प्रतिसाद शंभरात पाच बियांचा आहे. वीस बिया लावल्या तर एकही न फुटण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के, म्हणजे चांगलं झाड तीनात एकदा नापास. साठ लावल्या तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून प्रत्येक मातृझाडाच्या, प्रत्येक काढणीच्या किमान साठ. त्या वेगवेगळ्या शंकूंतल्या असाव्यात, कारण एका शंकूला कीड लागली तर सगळ्याच जातात. मातृझाडागणिक फरक इतका असतो की एकाच उतारावरच्या दोन झाडांपैकी एक भरघोस देतं, दुसरं शून्य. सगळ्या झाडांच्या बिया एका वाटीत मिसळल्या की हा फरक कायमचा हरवला.

तेव्हा बशीवर लिहायचं ते असं: मातृझाडाचा क्रमांक, शंकूचा क्रमांक, काढणीची तारीख, बी चिरून दिसलेला गर्भाचा टप्पा. माध्यमाचं नाव त्याखाली. मार्कर अल्कोहोलनं पुसला जाणार नाही असा घ्या, आणि झाकणावर नव्हे, बशीच्या तळावर लिहा. झाकणं बदलली जातात.